एका वाक्यातील इंग्रजी
(कुंडल येथील ज्ञातिमेळाव्यात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



दोनशे इंग्रजी शब्द अर्थांसह घडाघडा म्हणणारा आपला मुलगा चार शब्दांचे वाक्य करताना अडखळतो. पालक पोटाला चिमटा घेऊन शिकवणी लावतात. मुलगा मात्र इंग्रजी आपल्या कुवतीबाहेरचे, असे ठरवून कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पुस्तक मिटतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते, तरी ही अडचण उरलीच आहे. याचे कारण, शब्द आपण यादीत शिकतो आणि तो काम करतो वाक्यात.

म्हणून आज एकच वाक्य घेऊ. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने येथील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. तेव्हा नांगराचेच वाक्य येथे शोभेल: ‘द फार्मर प्लाउज द ब्लॅक फील्ड विथ अ न्यू प्लाउ.’ म्हणजे, शेतकरी नव्या नांगराने काळे शेत नांगरतो.

यात ‘प्लाउ’ दोनदा आला आहे. त्याचा अर्थ ‘नांगर’ एवढाच पाठ केलेला मुलगा ‘प्लाउज’ला ‘अनेक नांगर’ समजेल, कारण अनेकवचनालाही तेच ‘एस’ अक्षर लागते. मग वाक्यात क्रियापदच उरत नाही! ‘फार्मर’ हा कर्ता. त्याच्या मागोमाग येऊन तो काय करतो हे सांगणारा शब्द येथे क्रियापद झाला. त्याचे ‘एस’ ही एकवचनी तृतीयपुरुषी कर्त्याची आणि वर्तमानकाळाची खूण होय. शेवटच्या ‘प्लाउ’आधी मात्र ‘अ’ हे उपपद आणि ‘न्यू’ हे विशेषण आहे. उपपद आले की कोठेतरी नाम येणारच.

मराठीत असा घोटाळा होत नाही. ‘नांगर’ आणि ‘नांगरतो’ यांतील भेद प्रत्ययच सांगतो. ‘शेत शेतकरी नांगरतो’ म्हटले तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत शब्दांच्या जागा बदलून पाहा: ‘द फील्ड प्लाउज द फार्मर’; शेतच शेतकऱ्याला नांगरू लागते! (कर्जाच्या दिवसांत तेही खोटे नाही, पण तो विषय निराळा.) ‘विथ’चेही तसेच. आपला ‘ने’ नामाच्या पाठीस चिकटतो, ‘विथ’ नामाच्या आधी सुटा उभा राहतो.

आपल्या व्याकरणात नाम, विशेषण, क्रियापद यांस शब्दांच्या ‘जाती’ म्हणतात. ज्ञातिमेळाव्यात हा शब्द उच्चारताना मौज वाटते. कारण इंग्रजी शब्दाची जात पुष्कळदा जन्मावर ठरत नाही, वाक्यात तो जे काम करतो त्यावर ठरते.

मुलांनो, घरी गेल्यावर ‘पंप’ आणि ‘वॉटर’ घ्या. प्रत्येकाची दोन वाक्ये करा. एकात तो नाम असावा, दुसऱ्यात क्रियापद. एक मी करून देतो: ‘द गर्ल वॉटर्स द प्लांट.’ यातील ‘प्लांट’ही क्रियापद होतो का, तेवढे तपासा.