फ्रिजचा सेन्सर गप्प बसला तर?

कॉलेजात जावास्क्रिप्ट आपण वेबपेजपुरती शिकतो. नोड.जेएसमुळे तीच भाषा रास्पबेरी पायवरही चालते, आणि सेन्सर वाचायला एनपीएमवर तयार पॅकेजेस मिळतात. आज मी एकाच सेन्सरबद्दल बोलणार आहे, डीएस१८बी२०. स्वस्त आहे, तीनच तारा आहेत, उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस मोजतो.

समजा, मोहल्ल्यातल्या दवाखान्याच्या फ्रिजवर तुम्हाला लक्ष ठेवायचंय. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. एकदा गोठलं की फेकायचंच.

डेटाची तार जीपीआयओ ४ ला लावा. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. तो राहिला तर सेन्सर दिसत नाही आणि आपण बसतो कोड तपासत! सेटिंगमध्ये वन-वायर सुरू केलं की २८ ने सुरू होणारा एक फोल्डर उगवतो. खरा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटातच असतो. आपलं पॅकेज बहुतेक वेळा त्या फोल्डरमधली छोटी मजकूर-फाइल वाचतं, इतकंच. म्हणून आधी ती फाइल स्वतः उघडून पाहा. तिथे आकडा नसेल तर कुठलंही पॅकेज तो आणून देणार नाही. इन्स्टॉल करताना सुडो वापरू नका. पॅकेजसोबत येणाऱ्या अनोळखी स्क्रिप्टला सगळ्या मशीनची किल्ली कशाला द्यायची?

आता गंमत. वीज मिळताच या सेन्सरच्या स्मृतीत ८५ अंश असतात. पूर्ण अचूकतेने मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तार सैल असेल तर तो मध्येच पुन्हा सुरू होतो आणि ८५ सांगतो. पाच वेळा ४ आणि एकदा ८५ आले, तर सरासरी १७.५! रात्री दोनला अलार्म. असं दोनदा झालं की डॉक्टर अलार्मच बंद करतात. फ्रिजमध्ये ८५ अशक्य, तेव्हा तो आकडा टाका आणि पुन्हा वाचा. पण असे किती आले ते मोजत राहा, कारण ती सैल तारेची खूण आहे.

याहून वाईट म्हणजे तार तुटणं. वाचन आलंच नाही आणि तापमान ‘अनडिफाइन्ड’ राहिलं, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘८ पेक्षा जास्त’ खोटं ठरतं आणि ‘२ पेक्षा कमी’ही खोटंच. अलार्म शांत, फ्रिज गरम. म्हणून पहिली अट तापमानाची लिहूच नका. दहा मिनिटांत नवं वाचन आलं नाही तर अलार्म वाजू द्या; ८ आणि २ च्या अटी त्याच्या खाली.