मध्येच उठायची मुभा

पुण्या-बेळगावहून रात्रभर बसमध्ये कूस बदलत आलेले पाहुणे आणि बंगळुरूकर मंडळी,

जुनं दुखणं घेऊन जगणाऱ्यांच्या कोरमंगलातल्या या मेळाव्यात आपलं स्वागत. सिल्क बोर्डचा गाड्यांनी तुंबलेला चौक ओलांडून वेळेवर पोचलात, म्हणजे सोसण्याची परीक्षा इथे येण्याआधीच झाली.

सेंट जॉन्स रुग्णालय याच भागात, होसूर रस्त्यावरची निम्हान्स ही मेंदू-मज्जाविकारांची संस्थाही जवळच. उपचारांना तोटा नाही. पण डॉक्टरांसमोर आपण दहा मिनिटं बसतो. उरलेला दिवस दुखणं आपल्याकडेच मुक्कामाला असतं. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या वेदनेला वैद्यक दीर्घकालीन म्हणतं. माझ्या कमरेने ती अट कधीच पुरी केली.

बरं वाटलं की मी माळा आवरायला काढायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. घरचे म्हणायचे, ‘काल तर चांगली होतीस!’ दुखायला लागल्यावर कुणीही थांबतं. दुखत नसताना थांबायला शिकण्यात माझी काही वर्षं गेली. आता ओट्याशी वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की बसते. तव्यावरची पोळी तेवढी उतरवते. अंगाला सोसेल तसा वेळ मिनिटा-दोन मिनिटांनी वाढवायचा. हौस आली म्हणून नाही.

‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य इथल्या बहुतेकांनी ऐकलं असेल. इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था धोक्याची सूचना देत राहू शकते. झोप मोडली, काळजी वाढली की अधिकच. म्हणून वेदना खोटी ठरत नाही. आणि हो, पाय अचानक लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर गजर-बिजर बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

थांबण्यासारखंच आधार घेणंही शिकावं लागतं. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला पुण्याला गेले. ज्यांचं अंग वाकत नाही त्यांच्यासाठी त्यांनी दोर, खुर्ची, विटा वापरात आणल्या. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर त्यांनाही साधनांचा आधार घ्यावा लागला. त्यांच्या अवघड आसनांच्या छायाचित्रांपेक्षा मला ती वीट जवळची वाटते.

आता व्यवस्थेबद्दल. भिंतीकडेला सतरंज्या आहेत, मागे उभं राहायला जागा आहे. दर पंचवीस मिनिटांनी घंटा होईल. वक्ता वाक्याच्या मध्यावर असला तरी उठायचं. अध्यक्षांनाही सवलत नाही. मी मघापासून उभी आहे, तेव्हा माझी बसायची वेळ झाली.