संधी आणि सवड

न्यू जर्सीत वाढलेली माझ्या पुतण्याची मुलगी यंदा बारावीत आहे. ‘आजोबा, शाळेतूनच मला डॉक्टरकीला प्रवेश मिळेल का?’ असे तिने विचारले. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाआधी सामान्यतः चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. मात्र काही विद्यापीठे पदवी आणि वैद्यक या दोहोंची जागा एकदमच देतात. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७१ पासून असा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ब्राऊन विद्यापीठात तो आठ वर्षांचा आहे. ब्राऊनमध्ये शंभर अर्जदारांतून जेमतेम दोघातिघांची निवड होते.

हे दोघेतिघे कोण? गुण तर बहुतेकांचे उत्तमच असतात. म्हणून पुढे रुग्णालयातील विनावेतन सेवा, डॉक्टरांसमवेतचा अनुभव आणि प्रयोगशाळेतील काम पाहिले जाते. संध्याकाळी दुकानात राबून घराला हातभार लावणाऱ्या मुलाने त्यासाठी वेळ कोठून आणावा? त्याच्यापाशी बुद्धी आहे, सवड नाही. आणि सवडीची वाटणी उत्पन्नाच्या वाटणीप्रमाणेच होत असते.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक सिटी कॉलेजने १९७३ मध्ये निराळी वाट धरली. वंचित समाजातील मुलांना अशा अभ्यासक्रमात घ्यावे आणि त्यांनी डॉक्टरांची वाण असलेल्या वस्त्यांत सेवा करावी, हा त्यामागील हेतू होता. समाजाने मनावर घेतले तर संधीची कक्षा रुंदावता येते, हेच त्यातून दिसते.

नातीला मी कळविले : तुझी संधी थोडीच आहे, पण जिला अर्जही करता आला नाही, तिच्याहून ती कितीतरी अधिक आहे. डॉक्टर झालीस, तर तिच्या वस्तीत जा.