गोळी स्वस्त, हिशेब महाग



ही बैठक रायपूरच्या सराफ्यात भरली, हे बरे झाले. इथे गुंजभर सोने इकडचे तिकडे झाले, तर सराफाला रात्रभर झोप लागत नाही. सरकारी दवाखान्यात मात्र झोपेच्याच गोळ्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

कारण साधे आहे. डायझेपाम, लोराझेपाम यांसारख्या गोळ्या घाऊक खरेदीत अगदी किरकोळ किमतीला पडतात. त्यामुळे लेखापरीक्षकाची नजर त्यांच्यावर थांबत नाही.

आता खिडकीपाशी काय घडते ते पाहा. नवऱ्यामागे एकटी राहिलेली, साठी ओलांडलेली बाई ओपीडीत येते. केसपेपरवर रात्रीची एक गोळी लिहिली जाते. महिन्याने डॉक्टर नवे असतात आणि रांग बाहेरपर्यंत गेलेली असते, म्हणून ते ‘रिपीट’ लिहून मोकळे होतात. वर्ष उलटते. मध्येच गोळी बंद केली की हात थरथरतात, जीव घाबरा होतो. तो मूळ आजारच समजून डोस वाढवला जातो. मग एके पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल जातो आणि खुबा मोडतो. शस्त्रक्रियेचा खर्च आयुष्मान योजनेच्या खात्यावर पडतो, गोळीचा औषधखरेदीच्या. ही दोन खाती एका टेबलावर कधी येत नाहीत. पैसा मुरतो तो इथे.

या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत, असे ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्येच बजावले होते. तरीही 2017-18 या एका वर्षात इंग्लंडमधल्या चारपैकी एका प्रौढाला सवय लावू शकणारे किंवा सोडताना त्रास देणारे औषध लिहून दिले गेले. निदान त्यांनी मोजले तरी! तिथल्याच 2021 च्या सरकारी आढाव्यात रुग्णालयाबाहेर दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी किमान दहा टक्के अनावश्यक असल्याचे निघाले. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या अफूजन्य वेदनाशामकांनी 2013 या एका वर्षात देशावर साडेसात हजार कोटी डॉलरहून अधिक बोजा टाकला. त्यात औषधांपेक्षा उपचार, बुडालेले रोजगार, तुरुंग आणि अकाली मृत्यू यांचाच वाटा मोठा होता.

आपल्याकडे 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुंगीची औषधे घेणारे सुमारे 1 कोटी 18 लाख लोक नोंदवले. या मोजणीत ती बाई येत नाही, कारण तिच्याकडे रीतसर चिठ्ठी आहे.

मार्च 2014 पासून औषध नियमांच्या ‘एच-1’ अनुसूचीतल्या, म्हणजे डायझेपामसारख्या, औषधांसाठी दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. वही आहे, ती चाळणारे हात हवेत.

एक मात्र ध्यानात ठेवावे. या झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात; त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात. आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाला मॉर्फिन नाकारणे ही काटकसर नव्हे, क्रूरता आहे.

छत्तीसगडमधील प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने एवढे करावे: चार आठवड्यांपलीकडे चाललेल्या झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका महिन्यापुरत्या वेगळ्या काढाव्यात आणि त्या रुग्णांना पुन्हा तपासायला बोलवावे. त्यासाठी नवा निधी लागत नाही. एक कारकून आणि एक डॉक्टर पुरतात.