तापलेली मोटार कां रुसते ?



मीं सारा जन्म शाळेंत गणित व विज्ञान शिकविण्यांत घालविला. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि मोटारीच्या कारखान्यांत मीं एक दिवसही काम केलेलें नाहीं. असें असतां मोटारीच्या दुखण्याविषयीं बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असें आपणांस वाटेल. तो अधिकार एका जुन्या गाडीनें आणि माझ्या पत्नीच्या दुखऱ्या गुडघ्यांनीं दिला.

ठाकूरद्वाराजवळ आमच्या चाळीच्या दारांत २००३ सालची एक लहान गाडी उभी असते. आठवड्यांतून दोनदां पत्नीस उपचारांसाठीं परळला न्यावें लागतें. सकाळीं गाडी पहिल्याच फिरकीस सुरू होई. परळला अर्धा तास थांबून परत निघावें, तों चावी फिरवून हात दुखूं लागे, पण इंजिन कांहीं जागें होईना. मे महिन्याच्या उन्हांत काठी टेकून फुटपाथवर उभ्या राहिलेल्या पत्नीकडे पाहण्याचें मला धैर्य होत नसे. एका मिस्त्रीनें बॅटरी बदलली, दुसऱ्यानें स्टार्टर बदलला. तिसऱ्यानें गाडीचा संगणकच बिघडल्याचें सांगून जो आंकडा उच्चारला, तो माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून मोठा होता. दोष मात्र जागच्या जागीं राहिला. "आधीं उदाहरण नीट वाचा, मग उत्तर लिहा," असें मुलांना जन्मभर बजावणाऱ्या मीं स्वतः उदाहरण न वाचतांच उत्तरें विकत घेतलीं होतीं !

मग मीं उदाहरण वाचावयास बसलों. आपणांपैकीं अनेकांना काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी आठवत असतील. त्यांतील शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. उन्हाळ्यांत पद्मिनी अडली, कीं चालक बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवी. त्या गाडींत कार्ब्युरेटर असे व पंप इंजिनालाच बसविलेला असे. इंजिनाच्या उष्णतेनें पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढणाऱ्या पंपाला वाफ ओढतां येत नसे. फडक्यामागें एवढेंच शास्त्र होतें.

२००० सालानंतर धुराचे नियम कडक झाले, तशी फ्युएल इंजेक्शनची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. या पद्धतींत पंप टाकींतल्या पेट्रोलांत बुडालेला असतो. तो इंजिनाजवळच्या नळींत सुमारें तीन बार दाब राखतो, आणि संगणकाच्या हुकमानें इंजेक्टर पेट्रोलचे फवारे सोडतात. दाबाखालीं द्रव लवकर उकळत नाहीं, हें आपल्या घरचा कुकर रोज सांगतो. साध्या हवेच्या दाबांत मात्र पेट्रोलचे हलके अंश ३५-४० अंशांवरच उकळूं लागतात. इंजिन बंद केलें, कीं त्यांतलें पाणी फिरावयाचें थांबतें, आणि बॉनेटखालची उष्णता कमी होण्याऐवजीं कांहीं वेळ उलट वाढते. नळींतला दाब टिकला तर चिंता नाहीं. तो उतरला, कीं पेट्रोलची वाफ झालीच. म्हणून अशी गाडी पांच मिनिटांच्या मुक्कामानंतर सुरू होते, तीन तासांनंतरही होते, आणि नेमकी अर्ध्या तासानें अडते.

आतां गाडीला विचारावयाचे प्रश्न क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न : स्टार्टर जोरानें फिरतो काय ? तो रेंगाळत असेल, किंवा नुसतें 'टक्' होत असेल, तर पेट्रोलचा विचारच नको. बॅटरी, तिच्या तारांचे सांधे आणि स्टार्टर पाहावा.

दुसरा प्रश्न : स्टार्टर चांगला फिरतो, पण इंजिन पेट घेत नाहीं. अशा वेळीं स्टार्टर न लावतां चावी 'ऑन'च्या खुणेपर्यंत फिरवावी. टाकीकडून पंपाची दोनएक सेकंद गुणगुण ऐकूं येईल. ती थांबल्यावर चावी बंद करावी. असें तीनदां करून मग गाडी सुरू करावी. ती लगेच सुरू झाली, तर थांबलेल्या अवस्थेंत दाब उतरतो, हें बहुतेक ठरलें.

तिसरा प्रश्न : उपाय उलटा करून पाहावा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. पुष्कळ गाड्यांत अशा वेळीं संगणक पेट्रोल बंद करतो. गाडी याच रीतीनें सुरू झाली, पेट्रोलचा वास आला व मागें काळा धूर निघाला, तर पेट्रोल कमी नसून जास्त आहे. एखादा इंजेक्टर ठिबकत असेल, किंवा पाण्याचें तपमान सांगणारा सेन्सर खोटें बोलत असेल. या सेन्सरचा विद्युत्-रोध २० अंशांवर साधारण दोन-अडीच हजार ओहम, तर ८० अंशांवर तीनशेंच्या आसपास असतो. तापलेल्या इंजिनांतही त्याचा रोध मोठाच राहिला, तर संगणकास थंडीची पहाट वाटते, आणि तो जादा पेट्रोल ओततो.

चौथा प्रश्न : दोन्ही उपाय फसले, आणि गाडी पूर्ण निवल्यावर आपोआप सुरू झाली, तर ठिणगीचा संशय घ्यावा. इंजिनाची फिरकी मोजणारा सेन्सर किंवा इग्निशन कॉइल उष्णतेनें आंतून तुटते, व निवतांच जुळते.

मीं एक वही केली. किती वेळ थांबलों, कोणता उपाय केला, काय झालें, हें अकरा वेळां लिहिलें. चावी तीनदां फिरविल्यावर प्रत्येक वेळीं गाडी सुरू झाली. ती वही घेऊन खेतवाडींतल्या एका तरुण मिस्त्रीकडे गेलों. त्यानें दाबमापक लावला. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत कांटा शून्यावर आला. मग पंप पुन्हां चालवून दाब भरला, आणि परतीची रबरी नळी चिमटली ; तरी दाब गेला. नंतर टाकीकडून येणारी नळी चिमटली, आणि दाब टिकला ! पेट्रोल पंपांतूनच मागें गळत होतें, म्हणजे त्याची एकमार्गी झडप बाद झाली होती. पहिल्या नळीनें दाब टिकता, तर दाबनियंत्रक दोषी ठरता. दोहोंनींही न टिकता, तर इंजेक्टर. ऑपेरा हाउसजवळच्या मोटारीच्या सामानाच्या बाजारांतून पंप आणला. बॅटरी आणि स्टार्टर यांवर वायां गेलेल्या पैशांहून त्याला कमी पैसे पडले.

एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. पेट्रोलची नळी दाबाखालीं असते. तापलेल्या इंजिनावर ती घरच्या घरीं कोणीही सोडूं नये. दाबमापक जाणत्या मिस्त्रीनेंच लावावा, आणि जवळ विडी-काडी नसावी. प्रश्न मात्र आपण घरीं विचारूं शकतों. त्यांना पैसे पडत नाहींत.

आतां परळहून निघतांना गाडी पहिल्या फिरकीस सुरू होते. परवां पत्नी म्हणाली, "अहो, सगळ्या मिस्त्र्यांपेक्षां तुमची वहीच स्वस्त पडली." सुटा भाग विकत घेण्यापूर्वीं एक वही विकत घ्यावी, एवढेंच सुचवून मी आपली रजा घेतों.