जीह : दोन मित्रांचा शब्द

चिनी मुलांच्या दप्तरात आजही चारशे वर्षांपूर्वीचा एक शब्द असतो : जीह. मूळ अर्थ ‘किती’, पण शाळेत त्याचा अर्थ भूमिती. तो रुळवला दोन मित्रांनी, इटलीचे मातेओ रिची आणि शांघायचे विद्वान शू ग्वांगछी यांनी.

गोव्यात शिकलेले धर्मप्रसारक रिची १५८२ मध्ये मकावला उतरले. आधी त्यांनी बौद्ध भिक्षूंसारखं डोकं भादरलं. पण चीनमध्ये खरा मान ग्रंथ जाणणाऱ्या विद्वानांना, हे उमजल्यावर त्यांनी दाढी वाढवली, रेशमी झगा चढवला आणि कन्फ्यूशियसचे ग्रंथ मन लावून अभ्यासले. १६०२ मध्ये त्यांचा जगाचा चिनी नकाशा छापला गेला. सहा उभे पट्टे जोडले की तो पुरा होई. त्यात चीन कडेला नाही, मध्याजवळ आहे. यजमानाच्या अंगणात उभं राहून त्याला जग दाखवायचं, ही समज मला फार मोलाची वाटते.

मग प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडचा भूमितीवरचा ग्रंथ. रिची तोंडी अर्थ सांगत, शू चिनीत उतरवत. पहिले सहा भाग १६०७ मध्ये छापले गेले आणि त्यातूनच ‘जीह’ हा शब्द भूमितीसाठी रुळला.

१६१० मध्ये रिची गेले. सम्राटाने दफनासाठी जागा दिली. बीजिंगमध्ये त्यांची कबर आजही आहे.