हुप्प्याचे राज्य आणि वानरींचे घर



आमच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "अहो, व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, वानरांच्या संसारावर काय बोलणार?" आम्ही म्हटले, ज्या जिल्ह्यातील जांब गावी समर्थांचा जन्म झाला, आणि ज्या समर्थांनी गावोगाव मारुती बसविले, त्या जिल्ह्याने मारुतीच्या गोतावळ्याची तासभर विचारपूस करण्यास हरकत नसावी. मारुतिराया बालब्रह्मचारी. आमची कथा मात्र त्याच्या प्रपंची भाऊबंदांची आहे.

प्रारंभी एक कबुली देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मोसंबीच्या मळ्यात वानरांचा एक कळप येऊ लागला. एक दांडगा हुप्प्या, दहाबारा वानरी आणि त्यांची लहानमोठी पिले. खाण्यापेक्षा नासधूसच अधिक. गावाचे एकमत झाले की सारी खोड त्या हुप्प्याची. तो गेला म्हणजे कळप आपोआप निवळेल. अर्ज लिहिला गेला. त्याच्यावर आमचीही सही होती. पिंजरा लागला, हुप्प्या सापडला, आणि त्याला दूरच्या रानात नेऊन सोडण्यात आले. पंधरवडा उलटला नाही तोच कळपात दुसरा हुप्प्या दिसू लागला. मळ्यात येणे चालूच राहिले. फरक पडला तो एवढाच, की वानरींच्या पोटाला चिकटलेली पिले एकेक करून दिसेनाशी झाली. एक वानरी तर मेलेले पिलू छातीशी धरून दोन दिवस झाडाझाडांवरून हिंडत होती. गावातील बायका हळहळल्या. म्हणाल्या, काही रोग पडला असेल. आम्हीही तेच म्हटले. पुढे या विषयावरील वाचन घडले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की त्या पिलांच्या मरणाशी आमच्या सहीचा संबंध असावा. तो संबंध काय, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या कळपाची घडण पाहू. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे जे वानर आपण पाहतो, त्यांचे घर मूलतः वानरींचे असते. लेक जन्मते त्याच कळपात बहुधा जन्मभर राहते. लेक माहेरी आणि मुलगा परमुलखात, असा हा उलटा न्याय आहे. त्यामुळे कळपातील वानरी एकमेकींच्या आया, लेकी, बहिणी, मावश्या असतात. नवे पिलू काळपट रंगाचे असते, आणि त्याला घेण्यासाठी मावश्यांची झोंबाझोंबी चालते. मुलगे मोठे होऊ लागले की घराबाहेर पडतात किंवा हाकलले जातात, आणि आपल्यासारख्याच सडेफटिंग नरांच्या टोळीत सामील होतात. याप्रमाणे रानात तीन प्रकारचे समूह होतात: एकाच प्रौढ नराचा कळप, अनेक प्रौढ नरांचा कळप, आणि निव्वळ नरांची टोळी. पहिल्याला आपण एकनरी म्हणू आणि दुसऱ्याला बहुनरी. पुढील सारी कथा या भेदावर उभी आहे.

आणखी एक गोष्ट. काही जातींच्या माकडिणी माजावर आल्या म्हणजे त्यांच्या अंगावर सूज व लाली दिसते. वानरीच्या अंगावर अशी खूण नसते. ती नराकडे पाठ करते, शेपटी खाली टाकते आणि मान जोरजोराने हलविते. समागमाची मागणी पुष्कळदा तिच्याकडूनच होते. म्हणजे हुप्प्या राज्य करतो हे खरे असले, तरी घरात वानरीचे मतही चालते.

आता दोन गावांची गोष्ट. फिलिस जे नावाच्या अमेरिकन विदुषीने १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशात लखनौच्या बाजूस कौकोरी येथे आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांचे निरीक्षण केले. कौकोरीच्या कळपात पन्नासाच्या वर वानर होते आणि प्रौढ नर अनेक होते. त्यांच्यात मानपान होता, लहानमोठा होता. पण एकंदरीत दिवस शांततेत जात. वानर म्हणजे सौम्य, समंजस प्राणी, असे चित्र त्या अभ्यासातून जगापुढे गेले.

त्यानंतर लवकरच, १९६१ ते १९६३ या काळात, जपानी आणि भारतीय अभ्यासकांचे एक पथक आपल्या सरहद्दीपलीकडे धारवाडच्या रानात काम करीत होते. त्यातील युकिमारू सुगियामा यांना अगदी निराळे दृश्य दिसले. तेथे बहुसंख्य कळप एकनरी होते आणि भोवती सड्या नरांच्या टोळ्या घिरट्या घालीत असत. १९६२ साली अशाच एका टोळीने एका कळपावर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हुसकून लावले. मग टोळीतील एका नराने आपल्या साथीदारांनाही पिटाळले आणि तो एकटा धनी झाला. त्यानंतर कळपातील तान्ही पिले एकामागून एक चावून मारली गेली. पिले गेल्यावर त्यांच्या आया थोड्याच काळात माजावर आल्या आणि त्याच नव्या नराशी रत झाल्या.

हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना किष्किंधा आठवली असेल. ती तर धारवाडपासून फार दूर नाही. हंपीचा परिसर म्हणजे किष्किंधा, असे परंपरा मानते. वालीने सुग्रीवाला हाकलून त्याची रुमा ठेवून घेतली. वाली पडल्यावर तारा सुग्रीवाकडे आली. मात्र आदिकवीने तेथे एक मोठा फरक केला: वालीचा मुलगा अंगद जिवंत राहिला आणि युवराज झाला. रानातील अंगदाच्या नशिबी युवराजपद नसते.

पिलांना मारण्यात नराचा कोणता लाभ? हिशेब काळाचा आहे. वानरीचा गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा. पुढे पिलू अंगावर पीत आहे तोवर कित्येक महिने ती माजावर येत नाही. उलट पिलू दगावले तर ती थोड्याच आठवड्यांत येते. आता नराची कारकीर्द पाहा. अबू आणि जोधपूर येथील दीर्घ निरीक्षणांत एकनरी कळपातील हुप्प्याची सत्ता सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास टिकलेली दिसली. एवढ्यात त्याला संतती व्हावी लागते, आणि पुढचा पुंड येण्यापूर्वी ती अंगावरून तुटावी लागते. जो नर दुसऱ्याची पिले मोठी होईपर्यंत थांबेल, त्याची स्वतःची पिले थोडी. नर हे गणित मनात मांडतो असे कोणी समजू नये. तशी वागणूक असलेल्या नरांची संतती अधिक उरली आणि ती वागणूक टिकली, एवढाच त्याचा अर्थ. हा अर्थ ठामपणे मांडला तो सारा हर्डी यांनी. १९७१ पासून त्यांनी अबूच्या वानरांचा अभ्यास केला आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास जोधपूरचे एस. एम. मोहनोत यांनीही तिकडच्या कळपांतील अशा घटना नोंदवून १९७१ साली प्रसिद्ध केल्या होत्या.

वानरी हे सारे मुकाट्याने सोसतात असे मात्र नाही. म्हाताऱ्या वानरी, ज्यांना स्वतःचे पिलू नाही अशासुद्धा, नव्या नराच्या अंगावर धावून जातात. कित्येकदा वानरी संधी साधून कळपाबाहेरच्या नरांशी संग करतात. अगोदरच गरोदर असलेली वानरीदेखील नव्या धन्यापुढे मान हलविते. हर्डी यांच्या मते याचे कारण असे, की ज्या वानरीशी आपला संग झाला तिचे पिलू नर सहसा मारीत नाही. बाप कोण, याविषयी संशय राहणे हेच पिलाचे कवच ठरते.

या मतावर मोठा वाद झाला. कित्येक विद्वानांचे म्हणणे असे की ही दाटीवाटीची विकृती आहे. त्याला आधारही होता. कौकोरीकडे चौरस मैलामागे सातच्या आसपास वानर होते, तर धारवाडच्या रानात दोनशेच्या वर. पण पुढे कान्ह्याच्या जंगलात, जेथे माणसाची ढवळाढवळ नाही, तेथेही एकनरी कळपांत नर बदलल्यावर पिले मारली गेल्याचे पॉल न्यूटन यांनी १९८६ साली दाखविले. तेव्हा एकट्या दाटीवर सारा दोष टाकता येईना.

उलट बाजूचा पुरावा नेपाळातील रामनगरहून आला. तेथील बरेच कळप बहुनरी. कॅरोला बोरीज आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात तेथे काम केले आणि जनुकांची परीक्षा करून बाप कोण, हेही ठरविले. मुख्य नराला समागमाचा मोठा वाटा मिळतो. पण सारा मिळत नाही. पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते. आणि पिलांच्या रक्षणाला जे नर धावले, ते बाप होते किंवा बाप असण्याचा संभव असलेले होते. बाहेरून आलेला नर तेथेही घातक ठरतो, हे खरे. पण कळपात दुसरे नर असल्यामुळे त्याला अडविणारे कोणी असते. एकनरी घरात धनी गेला की दार सताड उघडे.

मग कोठे एक नर आणि कोठे अनेक, हे कशावरून ठरते? वानरींची संख्या किती, त्या एकाच ऋतूत माजावर येतात की वर्षभर पाळीपाळीने, आणि बाहेर सडे नर किती, या गोष्टींवर. रामनगरला समागमाचा हंगाम ठरलेला आहे. पाचसहा वानरी एकदम माजावर आल्या तर एकटा नर राखण कोणाची करणार? जोधपूरला बारा महिने चालते. तेथे एकट्याला साधते. या काळतोंड्या वानरांच्या आजचे शास्त्रज्ञ अनेक जाती मानतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याच धारवाडच्या रानात, त्याच जातीत, काही कळप बहुनरीही होते. स्वभाव जातीबरोबर जन्मतो हे खरे. पण त्यातले काय प्रकट व्हावे, हे घरातील माणसांच्या मोजणीवर ठरते.

हा न्याय वानरांच्या इतर गोतालाही लागू पडतो. आसामातील हूलॉक जोडप्याने राहतो. गोरिलाच्या कळपात बहुधा एकच नर सत्ताधीश असतो. चिंपँझींत नर पुष्कळ आणि मादीही पुष्कळांशी रत होते. म्हणून अंगाने कितीतरी लहान असूनही चिंपँझीचे वृषण गोरिलाच्या कित्येक पट मोठे असतात. कळपाची घडण शरीरावरही अशी उमटते. आपल्या दक्षिणेकडील टोपीवाल्या माकडांचे कळप सामान्यतः बहुनरी. परंतु बंडीपूर आणि मुदुमलैच्या रानात, जेथे प्रवासी खाऊ टाकतात तेथे, अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लहान लहान एकनरी कळप आढळले. आपण श्रद्धेने टाकलेले मूठभर फुटाणेही कोणाच्या घराची घडण बदलू शकतात, हे ध्यानी घ्यावे.

आता आमच्या अर्जाकडे परत येतो. सुगियामा यांनी धारवाडला एक प्रयोगही केला होता. एका एकनरी कळपातील हुप्प्या त्यांनी मुद्दाम पकडून बाजूला काढला. पुढे बाहेरचा नर आला आणि पिलांवर हल्ले झाले. हा प्रयोग १९६६ साली छापून प्रसिद्ध झाला. म्हणजे आमच्या गावाने पिंजरा लावला त्याच्या कितीतरी आधी उत्तर लिहून ठेवलेले होते. आम्ही ते वाचले नव्हते, एवढेच. आमच्या मळ्यातील पिले कोणी मारली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले नाही. तरीही ती सही आज कोणी मागितली, तर आम्ही करणार नाही.

शेतकऱ्याने नुकसान सोसावे, असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही शेतकरीच आहोत. पण हुप्प्या हलविल्याने मळा राखला जात नाही. आणि ज्यांची पिले गेली त्या वानरी लवकर पुन्हा गाभण राहतात, तेव्हा कळप कमी होतो असेही नाही. बहारात चार शेजाऱ्यांनी मिळून पाळीपाळीने राखण करावी, गावात व देवळापाशी खाऊ घालणे बंद करावे, आणि काही उपाय योजण्यापूर्वी कळपात नर किती, वानरी किती, तान्ही किती, एवढे तरी मोजावे.

कोणी विचारील, यातून माणसाने आपल्या संसाराविषयी काय बोध घ्यावा? आमचे उत्तर असे, की फार घाईने काही घेऊ नये. कौकोरी पाहून निसर्ग साधू आहे असे म्हणणारे निघाले, आणि धारवाड पाहून निसर्ग कसाई आहे असे म्हणणारेही निघाले. दोघांनीही एकाच गावावरून साऱ्या जातीला नाव ठेवले. असे आपणही करतो. गावाला, जातीला, मोहल्ल्याला एका घटनेवरून स्वभाव चिकटवून मोकळे होतो. ते लोक कोणत्या परिस्थितीत राहतात, हे विचारीत नाही. एवढी एक सवय मोडली तरी वानरांच्या अभ्यासाचे चीज झाले, असे आम्ही समजू.

आपल्या जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणतात. वानरीच्या पिलाला पाळणा एकच, आईच्या छातीचा. तो आपल्या हातून हलू नये, एवढीच विनंती.